जळगाव-धुळ्याचा वसंत: आकाशात आणि झाडांवर काय पाहाल?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी जळगावसह उत्तर महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेशात अनेकांनी आकाशातून जळते तुकडे सरकत जाताना पाहिले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे तर्क झाले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं सापडलं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा भाग होता.

असं काही पुन्हा दिसलं तर वेग पाहा. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचे तुकडे संथपणे, एकामागोमाग जातात आणि बराच वेळ दिसतात. न जळणारी दिव्यांची सरळ माळ दिसली, तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह असतात.

फाल्गुन-चैत्रात खानदेशचं आकाश एरवीही बदलत असतं. पश्चिमेकडच्या वाळवंटी भागातून धूळ आली की सूर्य पांढऱ्या चकतीसारखा दिसतो. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ आले, तर सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. खाली पारा चाळिशीकडे चाललेला असला, तरी हे ढग बर्फाच्या षटकोनी कणांचे असतात. त्या कणांतून प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो आणि कडं दिसतं. हात लांब करून पंजा ताणा: अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळपास तेवढंच अंतर भरेल. सूर्याचं खळं पाहताना मात्र सूर्य भिंतीआड ठेवा, थेट पाहू नका.

शहरातल्या गच्चीवरून देखणे वाटणारे उंच, फुलकोबीसारखे ढग रावेर-यावलच्या केळी उत्पादकाची झोप उडवतात. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा आणि उत्तरेकडची कोरडी हवा भेटली की गारपीट होऊ शकते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर गारांनी रब्बी पिकं आणि फळबागा झोडपल्या होत्या. ऐन कापणीला आलेला गहू-हरभरा अशा वेळी वाचवणं फार कठीण असतं. गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं.

झाडांवरचा वसंत त्याआधीच सुरू होतो. काटेसावर आणि पळस पानं गाळून फुलतात, त्यामुळे फुलं पक्ष्यांना लांबूनच दिसतात. पिंपळाची तांबूस पालवी मात्र भर चौकातही दिसते. हा रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवतो असं मानलं जातं. चैत्रात कडुनिंब मोहरतो. त्याचा वास रात्री, रहदारी थांबल्यावर घ्यावा.

धुळेकरांना पळस पाहायला लळिंगच्या बाजूला जाता येईल. जळगावात सकाळी मेहरूण तलावाचा काठ बरा. पळसावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा कलकलाट दिसला, तर त्या पळसमैना, म्हणजेच भोरड्या. सूर्यास्ताला शेकडोंचे थवे धुरासारखे वळतात, पसरतात, पुन्हा गोळा होतात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात, तेव्हा त्यांना पाहायचं तर मार्चमधली एखादी संध्याकाळ काढा.