छापील अक्षर आणि बाईचे नाव



दुपारी मंडळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. शिक्षण सातवीपर्यंतचेच, पण आवाज खणखणीत. एके दिवशी मी वाचता वाचता अडखळले. एका मुलीवरील अत्याचाराची बातमी होती. तिचे नाव नव्हते, परंतु गल्ली, वडिलांचा धंदा व शाळेचा वर्ग, सारे दिलेले होते. सर्वजणींनी एकमेकींकडे पाहिले. पंधरा दिवसांत ते बिऱ्हाड गाव सोडून गेले. छापले दुसऱ्याने, पण वाचले मी, हे मनातून जात नाही.

तेव्हा ही रीत किती जुनी, ते वाचनालयातून पुस्तके आणून पाहू लागले.

आपल्या नगरला (आता अहिल्यानगर) छापील पत्र फार लवकर निघाले. 'ज्ञानोदय' १८४२ साली येथेच सुरू झाले. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यानेच १८५५ साली छापला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, हेही तिने त्यात लिहिले होते. पण ते तिचे तिने सांगितलेले, स्वतःच्या नावाने. येथेच सारा फरक आहे.

१८८१ साली सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. खटला गुजरातेतला, पण पुण्याच्या 'पुणेवैभवा'ने त्या निमित्ताने समस्त स्त्रियांनाच दूषणे दिली. ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना सोसवले नाही. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापून सर्व दोष बायकांच्याच माथी का, असा जाब विचारला. घरात बसून पत्र वाचणारी बाई उलट बोलली, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडले. वसुधा धागमवारांसह चार कायदेपंडितांनी १९७९ साली न्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणे तेव्हापासून गुन्हा झाले, दोन वर्षांपर्यंत कैद. मात्र जिच्यामुळे हे घडले, तिचे नाव तोवर सर्व भाषांत खटल्याचेच नाव होऊन बसले होते. मी ते येथे लिहीत नाही.

आपल्या जिल्ह्यातील कोपर्डीची २०१६ ची घटना सर्वांना ठाऊक आहे. नगरच्या न्यायालयाने २०१७ साली तिघांना फाशी सुनावली. मुलीचे नाव बहुतेकांनी झाकले, पण जातीची चर्चा मुलीपेक्षा अधिक झाली, आणि गावाचे नाव कायमचे त्या प्रकरणाला चिकटले. नाव, किंवा ओळख पटेल असे काहीही देऊ नये, मुलगी मरण पावली तरी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. म्हणजे गल्ली आणि वडिलांचा धंदाही त्यात आलाच.

शब्दांचेही तसेच. मराठीत 'अब्रू लुटली', हिंदीत 'इज्जत लूटी'. लुटणारा तो, आणि गेले म्हणायचे ते हिचे! कायद्याच्या पुस्तकातही 'विनयभंग' आहेच.

हल्ली मी वाचताना ठावठिकाणा गाळते आणि 'अब्रू लुटली' असे छापले असले तरी 'त्याने बलात्कार केला' असे वाचते. परवा कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, त्याचं नाव छापलंय का? ते वाच की." बातमीत ते नव्हते.