घरे पडतात, रस्ते राहतात

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, आणि धरणाच्या कामासाठी वसवलेल्या या वसाहतीतील बहुतेक घरांची पडझड झाली. अशा वेळी आपले लक्ष भिंतींकडे जाते. पण मदत येते ती रस्त्याने. म्हणून इथे आपण रस्त्यांच्या जाळ्याकडे पाहू.

नकाशा उघडा. कोयनानगरच्या पूर्वेला पाटण आणि पुढे कराड, पश्चिमेला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मधे डोंगर आणि नदी यांच्या बेचक्यातून जाणारा एकच मुख्य रस्ता. आकार झाडाचा: एक खोड, बाकी फांद्या.

नऊ चौक जोडायला निदान आठ रस्ते लागतात. आठच असले की झाड तयार होते. कोणताही एक रस्ता दरडीने अडला, की जाळ्याचे दोन तुकडे पडतात. तेच नऊ चौक तीन-तीनच्या ओळींत मांडून शेजारचे सगळे जोडले, तर रस्ते होतात बारा. आता कोणताही एक अडवा. वळसा पडेल, पण वाट सापडेल. चार जादा रस्त्यांची ही किंमत काही फार नाही.

डोंगरात झाडाचा आकार बऱ्याचदा नाइलाजाने येतो. तरी सातारा शहर पाहा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसूनही पोवई नाक्यापासून राजवाड्याकडे वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन रस्ते जातात, आणि आडव्या गल्ल्या त्यांना जोडतात. एकावर मिरवणूक असली तरी गावाचा व्यवहार थांबत नाही.

मग सपाटीवरच्या नव्या वस्त्यांत ‘पुढे रस्ता नाही’ अशा पाट्या का दिसतात? आमच्या मते मूळ शेताच्या बांधात आहे. वाटण्या होऊन शेते अरुंद पट्ट्यांची झालेली असतात. प्रत्येक मालक आपल्या पट्ट्यापुरता रस्ता आखतो आणि तो कुंपणाशी थांबतो. शेजारचा पट्टा दहा वर्षांनी विकला जातो, तोवर वाटेत कुणाचे तरी स्वयंपाकघर उभे असते! शहर पसरते, पण जोडले जात नाही. अमेरिकेत हेच वेगळ्या कारणांनी घडले. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल यांनी २०१५ मध्ये दाखवले की तिथल्या नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात बहुतेक काळ घटत गेली आणि १९९४ च्या सुमारास तळाला पोचून मग सुधारू लागली.

चूक नंतर दुरुस्त करणे अवघड असते. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाला. क्रिस्टोफर रेन यांनी रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा दिला. पण जमिनीच्या हद्दी जळाल्या नव्हत्या. शहर बव्हंशी जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभे राहिले.

हद्दींवरचा उपाय आपल्याकडे जुना आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने अनेकांचे तुकडे एकत्र करून, आधी रस्ते आखून, उरलेली जमीन नव्या आकारात परत वाटण्याची सोय केली. १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ती आहे. वापर मात्र फार थोडा झाला.

विद्यार्थ्यांना शाळेभोवतीचा नकाशा काढायला सांगा. चौक मोजा, बंद टोकेही चौकांतच धरा, मग रस्त्यांचे तुकडे मोजा. तुकड्यांतून चौक वजा करून एक मिळवा. उत्तर शून्य आले, तर जाळे झाडाचे आहे; मग कोणता रस्ता अडला तर किती घरे तुटतील, हेही मोजता येईल.