जबल इरहूदची कवटी

मोरोक्कोत माराकेश शहराच्या पश्चिमेला जबल इरहूद नावाचा डोंगर आहे. १९६१ साली तिथल्या खाणमजुरांना गुहेच्या मातीत एक मानवी कवटी सापडली. अभ्यासकांनी तिचं नातं युरोपातल्या निअँडरथलशी जोडलं, वय सुमारे ४० हजार वर्षं ठरवलं आणि मोकळे झाले. आफ्रिकेतलं हाड युरोपच्या फूटपट्टीने मोजलं की असं होतं!

पुढे अब्देलवाहेद बेन-नसेर आणि ज्याँ-जॅक हब्लँ यांनी तिथे पुन्हा उत्खनन केलं. किमान पाच माणसांचे अवशेष हाती आले. सोबतच्या जळालेल्या गारगोटीच्या हत्यारांवरून २०१७ मध्ये काळ जाहीर झाला, सुमारे ३ लाख वर्षं. चेहरा बराचसा आपल्यासारखा, डोकं मात्र मागे लांबट. तोवर आपल्या जातीचे सर्वांत जुने अवशेष पूर्व आफ्रिकेतले, इथिओपियातले मानले जात. मोरोक्को तिथून हजारो किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.