दुसऱ्याच्या नाण्यावर आपला शिक्का

नाण्यांचा नाद लागला की एक सवय जडते. नाणं हातात आलं (किंवा माझ्यासारख्याच्या बाबतीत, परवडत नाही म्हणून स्क्रीनवर आलं) की आधी चेहरा बघायचा. राजा कोणता, राणी कोणती, साल कुठलं. अँग्विलाच्या 'लिबर्टी डॉलर'वर ही सवय चालत नाही. नाणं मुळात मेक्सिकोचं, पाच पेसोचं. किंवा पेरूचं, एक सोलचं. चांदीचं, जुनं, भलं थोरलं. त्याची एक बाजू मधोमध ठोकून सपाट केलेली आणि त्या सपाट जागेवर शिक्का: अँग्विला लिबर्टी डॉलर, ११ जुलै १९६७. बस्स. राजा नाही, राणी नाही, पुढाऱ्याचं डोकंसुद्धा नाही. फक्त एक तारीख.

आता ही तारीख कसली, तर मतदानाची! मतदानाची तारीख मिरवणारी नाणी जगात फार सापडायची नाहीत, म्हणून मी या बेटाच्या मागे लागलो. आणि मंडळी, बेट भलतंच निघालं.

अँग्विला म्हणजे कॅरिबियनमधली जेमतेम ९१ चौरस किलोमीटरची पट्टी. लांबट, निमुळती. नावाचा अर्थच वाम. आपल्याकडे बाजारात मिळते ती वाम, तिच्यासारखा आकार. पाऊस कमी, जमीन खडकाळ. त्यामुळे इथे उसाचे मोठे मळे कधी नीट जमलेच नाहीत. आजूबाजूच्या बेटांवर मळेवाले गोरे मालक आणि त्यांच्याकडे राबणारे काळे मजूर, असा मामला. अँग्विलात मात्र लोकांकडे स्वतःचे जमिनीचे तुकडे, होड्या, मासेमारी आणि मिठागरं. गरिबी होती, पण मालकाची गरिबी. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला असं मला वाटतं.

ब्रिटिशांनी १८२५ मध्ये कारभाराच्या सोयीसाठी या बेटाला सेंट किट्सला जोडून टाकलं. मधे अंतर सुमारे ११० किलोमीटर. सेंट किट्स म्हणजे उसाचं बेट, सगळंच वेगळं. अँग्विलाच्या लोकांना ही सोयरीक पहिल्यापासून पसंत नव्हती. १८७२ मध्ये त्यांनी थेट लंडनला अर्ज केला, की आम्हाला यांच्यातून काढा आणि आमचा कारभार तुम्हीच बघा. अर्ज वाया गेला. साहेबाच्या नकाशावर ठिपके जवळजवळ दिसत होते, विषय संपला.

पुढची नव्वद वर्षं मी सरळ ओलांडतो, कारण अँग्विलाच्या बाबतीत त्यात फारसं काही घडलं नाही, आणि हीच तर तिथल्या लोकांची तक्रार होती. १९६० च्या दशकातही बेटावर विजेची सोय नाही, डांबरी रस्ता नाही, टेलिफोन नाही. बॅसेटेरला, म्हणजे सेंट किट्सच्या राजधानीत, जे विधिमंडळ बसायचं त्यात अँग्विलाचा निवडून आलेला सदस्य एक. दहांपैकी एक. त्याने काय बोलायचं आणि कोणी ऐकायचं!

२७ फेब्रुवारी १९६७ ला ब्रिटनने सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला या तिघांचं मिळून एक 'सहयोगी राज्य' केलं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे, बाकी सगळं बॅसेटेरकडे. म्हणजे रॉबर्ट ब्रॅडशॉकडे. हा ब्रॅडशॉ खलनायक म्हणून रंगवायला सोपा आहे, पण माणूस तसा साधा नव्हता. साखर कारखान्यातल्या कामगारांच्या संघटनेतून वर आलेला, मळेवाल्यांशी आयुष्यभर भांडलेला पुढारी. पण अँग्विलात उसाचा मजूरच नाही म्हटल्यावर त्याच्या राजकारणाला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. अँग्विलाच्या दृष्टीने गोरा साहेब लांब होता तेवढा बरा होता, हा नवा साहेब जवळ आला होता.

३० मे १९६७ ला लोकांनी बेटावरच्या मूठभर पोलिसांना विमानात बसवून सेंट किट्सला परत धाडलं. हा दिवस आजही 'अँग्विला डे' म्हणून साजरा होतो. जूनमध्ये काही जण होडीतून सेंट किट्सवर चाल करून गेले, तो बेत पार फसला. मग ११ जुलैला मतदान झालं. वेगळं व्हायचं: १८१३. नको: ५.

पाच! सहा हजार वस्तीच्या बेटावर, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे हे पाच जण कोण याची चर्चा किती दिवस रंगली असेल कल्पना करा. :-)

इथे आपलं नाणं कथेत येतं, आणि ते अँग्विलातून येत नाही, सॅन फ्रान्सिस्कोहून येतं.

लिओपोल्ड कोर नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले एक प्राध्यापक त्या वेळी पोर्तो रिकोच्या विद्यापीठात शिकवत होते. 'आकार वाढला की राष्ट्रं बिघडतात, राष्ट्रं लहानच हवीत' हा त्यांचा सिद्धांत, आणि त्यावर त्यांनी १९५७ मध्ये पुस्तकही लिहिलं होतं. ('स्मॉल इज ब्यूटिफुल'वाले शूमाकर आपल्याकडे जास्त माहीत आहेत, ते या कोरांना गुरू मानत.) आता सिद्धांतवाल्याला चालतंबोलतं उदाहरण सापडलं की तो काय सोडतो होय? कोरांनी आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मित्रांना कामाला लावलं. त्यात हॉवर्ड गॉसेज हा जाहिरातीतला अवलिया होता, आणि 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'चा कार्यकारी संपादक स्कॉट न्यूहॉल होता. न्यूहॉल नाण्यांचा पक्का नादिष्ट.

१४ ऑगस्ट १९६७ ला 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये अँग्विलाच्या नावाने पानभर जाहिरात आली. आम्हाला पर्यटकांची खरकटी उचलणाऱ्या पोऱ्यांचं राष्ट्र व्हायचं नाही, असा तिचा सूर. शंभर डॉलर पाठवा आणि मानद नागरिकत्व घ्या, अशी योजना. शिवाय नवं राष्ट्र म्हटलं की नाणं हवंच, म्हणून न्यूहॉलने जुनी चांदीची नाणी गोळा करून त्यांवर शिक्का मारून घेतला. टांकसाळ उभारायला वेळ नाही, पैसा नाही. दुसऱ्याचं नाणं घ्या, आपलं नाव ठोका. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या बायनरीवर आपला पॅच. नाणी विकून नव्या राष्ट्राला निधी उभा करायचा हा हेतू होता.

ही युक्ती न्यूहॉलची स्वतःची नव्हे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कॅरिबियनमधल्या बेटांवर सुट्ट्या नाण्यांची कायम टंचाई. मग स्पॅनिश चांदीची नाणी कापायची, मधे भोक पाडायचं, वर बेटाचं अक्षर ठोकायचं आणि चालवायची, ही तिथली जुनीच रीत. नाण्यांच्या नादिष्टाला हे माहीत असणारच. गंमत म्हणजे पेरूच्या सोलवर मूळचं स्पॅनिश ब्रीद आहे, त्याचा अर्थ साधारण 'एकीमुळे खंबीर आणि सुखी' असा. आणि त्याच नाण्यावर फुटून निघाल्याची तारीख! हे कोणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण केलं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं.

पण खरा घोळ वेगळाच होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींना हवं होतं जगापासून दूर असलेलं साधंसुधं चिमुकलं राष्ट्र. बेटावरच्या माणसाला हवी होती वीज, रस्ता आणि टेलिफोन. ब्रिटिशांपासून सुटका तर त्याला नकोच होती. ब्रॅडशॉ नको, त्यापेक्षा पुन्हा ब्रिटनची वसाहत करा, अशी मागणी होती! साठच्या दशकात सगळं जग वसाहतीतून बाहेर पडत असताना हे लोक उलट्या दिशेने दार ठोठावत होते. म्हणून हे नाणं मला थोडं उपऱ्याचं वाटतं. शब्द सॅन फ्रान्सिस्कोचे, धातू मेक्सिकोचा. त्यावर अँग्विलाची खरी गोष्ट एकच, तारीख. रोजच्या व्यवहारात ते नाणं कधी चाललंही नाही, संग्राहकांकडेच गेलं.

दरम्यान नेतृत्व पीटर ॲडम्सकडून रोनाल्ड वेबस्टरकडे आलं. बार्बाडोसच्या परिषदेत ॲडम्सने तडजोडीवर सही केली आणि वेबस्टरने नकार दिला, त्यातून हा बदल झाला. वर्षभर एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीत गेलं. ६ फेब्रुवारी १९६९ ला पुन्हा मतदान, या वेळी प्रजासत्ताकासाठी: १७३९ विरुद्ध ४. (दीड वर्षात पाचातला एक फुटला.) मार्चमध्ये ब्रिटनचे कनिष्ठ मंत्री विल्यम व्हिटलॉक समजूत काढायला आले, त्यांना बंदुका दाखवून त्याच दिवशी परत पाठवण्यात आलं.

मग १९ मार्च १९६९ च्या पहाटे ब्रिटनने चक्क स्वारी केली. दोन युद्धनौका, तीनशेच्या वर पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक, आणि सोबत लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची तुकडी. किनाऱ्यावर लखलखाट झाला, सैनिक सावध झाले, आणि बघतात तर ते वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश! कोणी जखमी झालं नाही. क्यूबात १९६१ मध्ये अमेरिकेची जी फजिती झाली ती 'बे ऑफ पिग्ज'. वर्तमानपत्रांनी हिचं नाव ठेवलं 'बे ऑफ पिग्लेट्स', डुकराच्या पिल्लांची खाडी.

जगभर टिंगल झाली ती ब्रिटनची. अँग्विलाला मात्र हवं होतं तेच मिळालं की! साहेब परत आला. सैन्याच्या इंजिनीअरांनी रस्ते बांधायला घेतले. १९७१ च्या कायद्याने ब्रिटनने कारभार हातात घेतला, १९७६ मध्ये स्वतंत्र घटना दिली, वेबस्टर मुख्यमंत्री झाले.

कागदावर मात्र तिघं बेटं अजून एकत्रच होती, आणि याचा पुरावा पुन्हा नाण्यांत सापडतो. १९७० मध्ये कॅरिबियन विकास बँक सुरू झाली त्यानिमित्त तिथल्या आठ राज्यांनी चार-चार डॉलरची नाणी काढली, एका बाजूला केळी आणि ऊस. त्यातलं एक सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला या तिघांच्या नावे. आणि १९६९-७० सालचीच अँग्विलाच्या एकटीच्या नावाची सोन्याचांदीची नाणीही आहेत, संग्राहकांसाठी थोडीशीच पाडलेली. एकाच बेटाचे धातूतले दोन दावे, एकाच साली! ज्या बेटावर ऊस नाही त्याच्या नावाला ऊस चिकटलेला बघून तर मला हसूच आलं.

कागदावरची फारकत झाली १९ डिसेंबर १९८० ला. सेंट किट्स आणि नेव्हिस दोघंच १९८३ मध्ये स्वतंत्र राष्ट्र झाले. अँग्विला आजही ब्रिटनचा प्रदेश आहे, चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला २.७०. २०१८ पासून या चलनाच्या आठही सदस्यांच्या नावाने दोन डॉलरची एक-एक औंस चांदीची नाणी काढण्यात आली. तीही संग्राहकांसाठीच, आणि पाडली अमेरिकेत, ॲरिझोनामध्ये. पोऱ्यांचं राष्ट्र व्हायचं नाही म्हणणाऱ्या जाहिरातीचं काय झालं, तर बेट आज मुख्यतः महागड्या पर्यटनावर जगतं.

आणि आता आमच्या धंद्यातली बातमी. देश-प्रदेशांच्या दोन अक्षरी कोडच्या यादीत अँग्विलाला मिळाला 'एआय'. १९९५ पासून डॉट एआय हे इंटरनेटवरचं आडनाव तिच्या मालकीचं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि जगातल्या प्रत्येक स्टार्टअपला ते आडनाव हवंसं झालं. २०२३ मध्ये त्यातून सुमारे ३.२ कोटी अमेरिकी डॉलर मिळाले, सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. न्यूहॉलला शिक्के मारून जे साधलं नाही ते असं साधलं, आणि या वेळी ठोकायला चांदीही लागली नाही.

हा निव्वळ नशिबाचा भाग आहे असं सगळे म्हणतात. अक्षरांच्या बाबतीत खरंच आहे. पण यादीत स्वतंत्र नोंद व्हायला आधी स्वतंत्र प्रदेश असावं लागतं. नेव्हिसला असा कोड नाही, सेंट किट्सबरोबर दोघांत मिळून एक 'केएन'. तिथेही १० ऑगस्ट १९९८ ला वेगळं होण्यासाठी मतदान झालं होतं. दोन तृतीयांश मतं लागत होती. पडली ६१.८ टक्के.