वाड्यातली कोठी आणि इंदूरची आमची गिरणी

इंदूरच्या मराठी घरांविषयी लिहिताना राजवाडा, गणपती, सराफा सगळं येतं. पिठाची गिरणी मात्र राहून जाते. आमच्या घरात ती दोन पिढ्या चालली, म्हणून हे लिहितेय.

अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सुरुवात डिझेल इंजिनावर केली. मोटर नंतर आली. दगड गुळगुळीत झाले की उघडून टाकी मारावी लागे. फार आवळले तर पीठ तापायचं आणि बायका लगेच ओळखायच्या, "अण्णा, पीठ जळलंय." डबा ठेवताना पहिला प्रश्न ठरलेला : "आधी कशाचं दळण झालं?" ज्वारीवर किंवा बेसनावर गहू कुणाला चालत नसे. उपासाचा राजगिरा सकाळी, दगड साफ करून, सगळ्यांत आधी. बाफल्यांचं जाडसर दळण वेगळं, आणि दिवाळीआधी भाजणीची रांग.

मोठ्या रोलर मिलचा कारभार निराळा. तिथे गहू लोखंडी रुळांतून टप्प्याटप्प्याने फोडतात आणि चाळून मैदा, रवा, कोंडा वेगळा काढतात. त्यांच्यावर 1957 च्या आदेशाने लायसन्सचं बंधन आलं. त्याच सुमारास पीएल-480 चा अमेरिकन गहू देशात येत होता. आमच्याकडे रेशनच्या लाल गव्हाचे डबेही यायचे. आजी सांगायची, "अर्धा शरबती मिसळा, पोळी मऊ होईल."

अण्णा गहू विकत नसत, नुसती दळणावळ घेत. 1973 मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हातात घेतला तेव्हा मंडीतले व्यापारी हवालदिल झाले. आमचा पट्टा फिरतच राहिला. गहू ज्याचा त्याचा होता. पुढच्याच वर्षी सरकारलाही तो निर्णय मागे घ्यावा लागला.

1986 साली रोलर मिलचं लायसन्स उठलं. 2002 मध्ये 'आशीर्वाद' आटा बाजारात आला, आणि आता तर आपल्या मध्य प्रदेशचा शरबती पाकिटात बंद होऊन गावोगाव जातो. काकांनी दोन वर्षांपूर्वी गिरणी बंद केली. लोक म्हणतात, पाकिटाने मारलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. वैशाखात छावणीच्या मंडीतून वर्षाचा गहू यायचा. त्याला ऊन दाखवून, एरंडेल चोळून तो कोठीत भरायचा. कोठीला जागा लागते आणि निवडायला हात लागतात. वाडे पाडून फ्लॅट झाले, मुलं पुण्याला गेली, सुना नोकरीला लागल्या. कोठी गेली तेव्हाच आमचं दळण कमी व्हायला लागलं होतं.

दगड अजून मागच्या खोलीत आहेत. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावकडच्या मंडळींनी आपापल्या गिरणीबद्दल जरूर लिहावं. दगड कुठले होते, टाकी कोण मारायचं, आधी कशाचं दळण व्हायचं, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.