शीवची दूधपेढी आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे अपरिपक्व असते. त्याचे अस्तर ओलांडून जिवाणू रक्तात शिरू शकतात. कधी आतड्याचाच काही भाग दाह होऊन मृत होतो. अशा बाळाला जंतुसंसर्गाची भीती असताना कोणते दूध द्यावे, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे भारतीय उत्तर मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात घडले.

तेथील नवजात कक्षात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पावडरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला. त्यामागे शास्त्र होते. पावडर कालवताना पाणी, बाटली आणि हात यांतून जिवाणू शिरतात. आईच्या दुधातील स्रावी प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तरावर जिवाणूंना अडवतात, लॅक्टोफेरिन त्यांना लागणारे लोह बांधून ठेवते, तर लायसोझाइम त्यांची भित्तिका फोडते. सुमारे 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. म्हणून दूध पिळून नळीने वा वाटी-चमच्याने द्यावे लागते.

पण आई आजारी असेल किंवा तिला दूधच येत नसेल, तर? 27 नोव्हेंबर 1989 रोजी याच रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. जगातील पहिली पेढी 1909 मध्ये व्हिएन्नात उघडली होती. विशेष म्हणजे, ऐंशीच्या दशकात एचआयव्हीच्या भीतीने पाश्चात्त्य देशांतील अनेक पेढ्या बंद पडत असताना मुंबईने हे धाडस केले.

या धाडसाचा आधार होता दात्या मातांची तपासणी आणि पाश्चरीकरण. 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवल्यावर एचआयव्ही व बहुतेक जिवाणू नष्ट होतात. काही जिवाणूंचे बीजाणू मात्र तग धरतात. म्हणून तापवलेल्या दुधाचीही जंतुतपासणी होते आणि वाढ आढळल्यास ते टाकून दिले जाते. निर्धोक दूध उणे 20 अंशांना साठवतात.

या सुरक्षिततेची किंमतही असते. उष्णतेने प्रतिपिंडांचा काही भाग व दुधातील जिवंत पेशी नष्ट होतात. म्हणूनच पहिली पसंती स्वतःच्या आईच्या दुधाला, दुसरी पेढीच्या दुधाला. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही हाच क्रम मानला. स्तनदाहासारख्या जिवाणूसंसर्गातही स्तनपान सहसा थांबवावे लागत नाही; अतिनाजूक बाळाबाबत मात्र निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. बाळाला आईपासून तोडणे ही सावधगिरी वाटली, तरी पुष्कळदा तीच त्याचे संरक्षण काढून घेते.