गर्दी कोणी बोलावली?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे टॅक्सची रडारड, आणि दुसरी म्हणजे "जूनमध्ये आईबाबा येतायत, त्यांना कुठे न्यायचं?" ही चर्चा. पोरांच्या शाळा सुटलेल्या, आपली जेमतेम आठ दिवसांची रजा, आणि पश्चिमेकडच्या डोंगरांतली ती सुप्रसिद्ध नॅशनल पार्क्स: यलोस्टोन, ग्लेशियर, रॉकी माउंटन, योसेमिटी. मग एक एक्सेल शीट तयार होते (आपण सॉफ्टवेअरवाले, एक्सेलशिवाय आपल्याला सुट्टीसुद्धा घेता येत नाही) आणि शेवटी सगळे एकाच प्रश्नावर येऊन अडतात. गर्दी कशी टाळायची?

ह्या प्रश्नाच्या नादाने मी ह्या पार्कांचा इतिहास वाचायला लागलो आणि त्यातच अडकलो. कारण वाचता वाचता लक्षात आलं की ही गर्दी आपोआप झालेली नाही. ती बोलावलेली आहे. रीतसर आमंत्रण देऊन, पदरचे पैसे खर्चून, आणि तेही एका चांगल्या कारणासाठी. ती कुठून यावी, कुठे थांबावी हेसुद्धा बऱ्याच अंशी शंभर वर्षांपूर्वी ठरून गेलंय. ते एकदा कळलं की प्लॅनिंग बरंच सोपं होतं.

सुरुवात यलोस्टोनपासून करू. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे आपल्या गोव्याच्या दुपटीहून मोठा, 'पार्क' झाला. पण जाणार कोण आणि कसं? १८८३ साली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे पार्कच्या उत्तर टोकाजवळ पोचली आणि मग खरा धंदा सुरू झाला. गाडीतून उतरायचं, घोड्यांच्या बग्गीत बसायचं, आणि पाचेक दिवसांत पार्कची फेरी पुरी करायची. रोज संध्याकाळी घोडे दमतील तिथे हॉटेल. रस्ते बांधले लष्कराच्या इंजिनियरांनी, त्यातलं मोठं नाव म्हणजे हायरम चिटेंडन. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो १४२ मैलांचा रस्ता आजही तसाच आहे. आपली मिनीव्हॅन जिथे जिथे अडकते, तो मार्ग बग्गीसाठी आखलेला आहे!

मोंटानात ग्लेशियर पार्क झालं १९१० साली. तिथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा लुई हिल होता. श्रीमंत अमेरिकन लोक सुट्टीला युरोपात, आल्प्समध्ये जायचे. हिलने जाहिरातींचा धडाका लावला की आधी आपला देश बघा. मग लोकांना आल्प्सची आठवण यावी म्हणून स्विस धाटणीची हॉटेलं आणि शॅले बांधले. जाहिरातीत चेहरे मात्र ब्लॅकफीट लोकांचे.

इथे जरा थांबायला हवं. कारण ज्या निर्जन, शांत डोंगराच्या शोधात आपण निघतो, तो निर्जन होता का? ग्लेशियरचा पूर्वेकडचा अर्धा भाग ब्लॅकफीट लोकांच्या रिझर्वेशनचा होता. १८९५ साली, उपासमारीचे दिवस बघितलेल्या ह्या लोकांकडून सरकारने डोंगराचा पट्टा पंधरा लाख डॉलरला घेतला. तिथे शिकार करण्याचा, लाकूड आणण्याचा हक्क त्यांनी करारात राखून ठेवला होता. पंधरा वर्षांनी पार्क झालं आणि तो हक्क व्यवहारात संपला. गंमत बघा, त्या करारासाठी सरकारतर्फे वाटाघाटी करणाऱ्या तिघांपैकी एक होता जॉर्ज बर्ड ग्रिनेल. हाच पुढे पार्क व्हावं म्हणून झटला, आणि आज ज्या ग्रिनेल ग्लेशियरपर्यंत लोक चालत जातात तो ह्याच्याच नावाचा. यलोस्टोनमध्येही शोशोनी लोकांची एक शाखा डोंगरात राहायची. पार्क झाल्यानंतर काही वर्षांतच तिला तिथून हलवून रिझर्वेशनवर नेलं गेलं. थोडक्यात, गर्दी जशी घडवलेली आहे तशी शांतताही घडवलेलीच आहे.

आता मुख्य प्रश्न. सरकारला गर्दी हवी कशाला होती?

त्याचं उत्तर योसेमिटीत आहे. योसेमिटी पार्कच्या हद्दीतच हेच हेची नावाची दुसरी एक सुंदर दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवं होतं, म्हणून तिथे धरण बांधायचं ठरलं. जॉन म्यूरने जंग जंग पछाडलं, पण डिसेंबर १९१३ मध्ये काँग्रेसने धरणाला मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी म्यूर गेला. १९२३ साली धरण पुरं झालं आणि दरी पाण्याखाली गेली. त्या दरीत फार थोडे लोक जायचे. जी जागा कोणी पाहिलेलीच नाही, तिच्यासाठी भांडणार कोण?

हा धडा ज्याने मनावर घेतला त्याचं नाव स्टीफन मेदर. बोरॅक्सच्या धंद्यात गडगंज पैसा केलेला माणूस. डोकं जाहिरातवाल्याचं आणि मन गिर्यारोहकाचं. १९१५ साली तो वॉशिंग्टनला पार्कांचं काम बघायला आला. त्याच उन्हाळ्यात त्याने बड्या लोकांचा एक जथा स्वखर्चाने सिएरा नेवाडाच्या डोंगरात फिरवून आणला. काँग्रेसचे सदस्य, रेल्वेवाले, 'नॅशनल जिओग्राफिक'चे संपादक ग्रॉव्हनर, सगळे त्यात. जंगलात टाय सिंग नावाचा चिनी आचारी पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण वाढत होता. (योसेमिटीत ह्या टाय सिंगच्या नावाचं शिखर आहे.) पुढच्याच वर्षी, २५ ऑगस्ट १९१६ रोजी, नॅशनल पार्क सर्व्हिसचा कायदा झाला. त्यात दोन कामं सांगितली आहेत. लोकांना ह्या जागांचा आनंद घेऊ द्या, आणि जागा पुढच्या पिढ्यांसाठी जशाच्या तशा ठेवा. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये एकमेकांना छेद देणारे दोन मुद्दे शेजारी शेजारी लिहिले की काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

मेदरचं गणित साधं होतं. लोक आले पाहिजेत, कारण आलेले लोक मतं देतात आणि मतांमुळे पार्क वाचतं. लोक यायला हवेत तर मोटार हवी. मोटारींना योसेमिटीत १९१३ साली आणि यलोस्टोनमध्ये ऑगस्ट १९१५ मध्ये परवानगी मिळाली. धोक्याची घंटा कोणी वाजवलीच नाही असं नाही. जेम्स ब्राइस हे अमेरिकेतले ब्रिटिश राजदूत. त्यांनी १९१२ सालीच एका भाषणात मोटारीची तुलना थेट ईडनच्या बागेतल्या सापाशी केली होती. काय घडणार हे आधी कळलं असतं तर आदमने सापाला आत येऊ दिलं असतं का, असा त्यांचा सवाल. पण मोटार आत आली, आणि १९१७ पर्यंत यलोस्टोनमधल्या बग्ग्यांचे घोडे निवृत्त झाले.

मोटारीमागून घाट आले. ग्लेशियरमधला गोइंग टू द सन रोड हा माझ्या मते त्यातला सगळ्यात देखणा. पार्कच्या इंजिनियरने डोंगर चढायला पंधरा हेअरपिन वळणांचा घाट सुचवला होता. टॉमस व्हिंट नावाच्या तरुण लँडस्केप आर्किटेक्टने त्याला विरोध केला. एवढ्या वळणांनी दरीचा चेहराच विद्रूप होईल, त्यापेक्षा कड्याच्या कुशीतून सरळ चढत जाणारा रस्ता काढा आणि वळण फक्त एकच ठेवा, असं त्याचं म्हणणं. खर्च जास्त होता, तरी मेदरने तोच रस्ता निवडला. १५ जुलै १९३३ रोजी साडेसहा हजार फुटांवरच्या लोगन पासवर त्याचं उद्घाटन झालं. लोगन पासवरून खाली बघताना हा रस्ता चटकन दिसत नाही, ही त्या व्हिंटची पुण्याई.

ह्या एका रस्त्याने ग्लेशियरची सगळी गर्दी उचलून दुसरीकडे नेली. त्याआधी रेल्वेने येणारे प्रवासी पूर्वेच्या स्टेशनवर उतरायचे, घोड्यावर बसून टू मेडिसिन नावाच्या तळ्याकाठी मुक्कामाला जायचे. हे तळं तेव्हा पार्कमधलं एक मुख्य ठिकाण होतं. घाट झाला, लोक मोटारीने थेट लोगन पासला जायला लागले, आणि टू मेडिसिन मागे पडलं. तिथल्या जुन्या शॅलेंपैकी उरलेल्या इमारतीत आता दुकान आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर धरणच फुटलं. १९४८ साली एकट्या यलोस्टोनला दहा लाखांवर लोक आले. रस्ते उखडलेले, संडास तुंबलेले, रेंजर लोकांची घरं पडायला आलेली. १९५३ मध्ये इतिहासकार बर्नार्ड डिव्होटो याने वैतागून लिहिलं की पैसे देता येत नसतील तर पार्क सरळ बंद करा आणि बाहेर लष्कर उभं करा. सरकारने उलटं केलं. १९५६ पासून दहा वर्षं 'मिशन ६६' नावाचा कार्यक्रम राबवला, सुमारे शंभर कोटी डॉलरचा. रुंद रस्ते, मोठाले पार्किंग लॉट, व्हिजिटर सेंटर. १९६६ पर्यंत वर्षाला आठ कोटी लोक येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात बारा कोटींच्या वर आले. सर्व्हरची कपॅसिटी वाढवली की ट्रॅफिकही वाढतं, हे पार्कवाल्यांना आपल्या आधी कळलं.

२०२१ साली यलोस्टोनमध्ये ४८ लाखांवर लोक आले. त्याच्या आसपास रॉकी माउंटन, योसेमिटी, ग्लेशियर ह्या पार्कांनी आत शिरायला आधी वेळ राखून घेण्याची पद्धत आणून बघितली. (ह्याचे नियम दरवर्षी बदलतात, निघण्यापूर्वी त्या त्या पार्कच्या साइटवर बघाच.) आपल्याला ही पद्धत सोयीची वाटते. ठरलेल्या मिनिटाला ब्राउझर रिफ्रेश करत बसणं हा आपला हातखंडा. पण जो माणूस शिफ्टमध्ये काम करतो, ज्याला रजा आदल्या आठवड्यात कळते, त्याचं काय? मेदरला मोटार हवी होती ती अशाच माणसासाठी. रेल्वेची तिकिटं आणि हॉटेलं परवडणारे लोक तर आधीपासून येतच होते.

आता ह्या सगळ्याचा प्लॅनिंगला उपयोग काय ते सांगतो.

पहिली गोष्ट, जिथे रस्ता नंतर आला तिथली जुनी ठिकाणं शोधा. टू मेडिसिन हे उत्तम उदाहरण. आईबाबांना घेऊन आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो होतो. तळ्यात जुनी लाकडी मोटरबोट फिरते, गुडघे दुखणाऱ्यांनी आरामात बसावं. आईने थर्मासमधला चहा काढला आणि अर्धा तास कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे.

दुसरी, जिथे मुळात रस्ते करू दिले नाहीत अशी पार्क्स बघा. १९४० सालचं किंग्ज कॅन्यन जाणूनबुजून असं ठेवलं. हायवे जिथे संपतो त्या जागेचं नावच 'रोड्स एंड' आहे. १९६८ सालचं नॉर्थ कॅस्केड्स तसंच. १९७२ मध्ये खुला झालेला हायवे पार्कला लागून असलेल्या रॉस लेकच्या पट्ट्यातून जातो. सिएटलवाल्यांना हे दोनतीन तासांवर, आणि डायब्लो तळ्याचा हिरवानिळा रंग गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतो.

तिसरी, आठाच्या आकड्यावर जायचंच असेल (आणि पहिल्यांदा जाताय तर जायलाच हवं) तर घड्याळ बदला. रस्ता आणि पार्किंग ठरावीक, माणसं मात्र सगळी दहा ते चारमध्ये येतात. लोगन पासच्या लॉटमध्ये सव्वादोनशेच्या आसपास गाड्या मावतात, आणि तो भर उन्हाळ्यात सकाळीच भरतो. पहाटे लामार खोऱ्यात लांडगे आणि बायसन बघा, दुपारी झोप काढा, संध्याकाळी गीझर बघा. पार्कच्या आत मुक्काम मिळाला तर हे सगळं सोपं, पण त्याचं बुकिंग वर्षभर आधी.

आणि चौथी, शक्य असेल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर गाठा. घाट उघडलेले असतात, शाळा सुरू झालेल्या असतात. पोरं शाळेत अडकलेली असली तर निदान आईबाबांची तिकिटं तरी तशी काढा.

एवढं करूनही कधीतरी पार्किंग लॉटमध्ये तासभर फेऱ्या माराव्या लागतात. अशा वेळी मी हेच हेची आठवतो. तिथे गर्दी नव्हती.